पुस्तक कुणाकडे आहे

विलास चपला न काढता आत आला तेव्हाच मी ओळखलं, आज याला चहा पचायचा नाही. माझा धाकटा भाऊ. गावाचा अण्णासाहेब, वाचनालयाचा अध्यक्ष, आणखी कशाकशाचा कोण कोण, माझ्यासाठी विलास. मी नुकत्याच पुसून घेतलेल्या फरशीवर मळ्यातली माती उमटवत तो थेट झोपाळ्यापाशी आला आणि हातातला मोबाइल त्यानं माझ्या नाकासमोर धरला.

"वाच."

"चष्मा आणू दे."

"चष्मा लावून तरी तू काय वाचणार हायस," तो म्हणाला. "मीच वाचतो."

त्याच्या मागं उंबऱ्यापाशी त्याची मुलगी प्रणिता उभी होती. सासरहून आठवड्याची म्हणून माहेरी आलेली. मान खाली, पदराचं टोक बोटाला गुंडाळून. कुणाला तरी बोलणी बसणार असली की या पोरीचं बोट पदरात जातं, लहानपणापासून.

विलासनं हात लांब करून वाचायला सुरुवात केली. "'वडिलोपार्जित मिळकत आणि मुलींचा हिस्सा.' हे पुस्तकाचं नाव. आता पुढचं ऐक. 'हे पुस्तक सध्या अण्णासाहेब जगदाळे यांची मुलगी प्रणिता हिच्याकडे आहे. गुरुवारी परत येईल. घाई असल्यास घरी जाऊन घ्यावे.'"

"मग? आलं का कुणी घ्यायला?"

"अक्का, चेष्टेची वेळ नाही. हे तुझ्या सुनेनं लिहिलंय. वाचनालयाच्या वेबसाइटवर. आन ते काय आपल्या गावापुरतं नसतं. माझ्या अभिजितनं पुण्यात बसून बघितलं, फोटो काढून सगळ्या भावकीला पाठवला. हिच्या सासरच्यांनी बघितलं. मला सकाळपासून फोन. जगदाळ्यांची लेक बापावर केस करणार म्हणे."

आता यातली ग्यानबाची मेख सांगते. त्या शुक्रवारी प्रणितानं तहसील कचेरीत जाऊन हक्कसोड करायची होती. आमच्याकडे ही रीतच आहे. बापाच्या जमिनीतला आपला वाटा लेकींनी सही करून सोडायचा, भावाचं नाव एकट्याचं राहतं. मग भाऊ बहिणीला जेवायला घालतो, साडी नेसवतो आणि वर्षानुवर्षं दिवाळीला ओवाळणी घालतो. मीही केली होती सही, नदीकाठच्या त्याच मळ्यावर. आता त्या मळ्याच्या कडेनं मोठा रस्ता आला होता आणि प्रणिताच्या भावाला, अभिजितला, घाई सुटली होती.

पुस्तकाचं नाव ऐकलं आणि मला लख्ख कळलं. ती चार-सहा दिवस रोज दुपारी "आत्या, जरा पडते तुझ्याकडं" म्हणून येत होती. मागच्या खोलीत कॉटवर एक हिरवं पुस्तक घेऊन पडायची. वर तराजूचं चित्र. मला वाटलं, नवऱ्याच्या दुकानासाठी काहीतरी शिकत असेल. बापाच्या घरात वाचायची सोय नाही, म्हणून हे राज्य माझ्या कॉटवर चाललं होतं, आणि मी वर तिला सरबत करून देत होते.

मला दोघींचा राग आला होता. एकीनं मला न सांगता माझी खोली वापरली. दुसरीनं माझ्या माहेरचं नाव जगाच्या वेशीवर टांगलं.

ती दुसरी म्हणजे माझी सून, उज्ज्वला. वाचनालयात ग्रंथपाल. लग्न होऊन आली त्याच्या पुढच्याच वर्षी लागली, ती केस पांढरे होईतो तिथंच. माझा मुलगा नोकरीपायी बाहेरगावी, घरात आम्ही दोघी. तिचं सगळं कामकाज मला पाठ.

आमच्या वाचनालयात पुस्तक कपाटात नसलं म्हणून कुणी रिकाम्या हातानं परत जात नाही. काउंटरवर विचारायचं, अमुक पुस्तक आहे का. उज्ज्वला वर न बघता सांगणार, "ते जोशीबाईंकडं आहे, संपत आलंय त्यांचं. त्यांच्याकडून परस्पर घ्या, मी इथं नाव बदलते." की माणूस निघाला जोशीबाईंच्या घरी. चहा होतो, पुस्तक कसं आहे त्याची चर्चा होते, कधी सोयरीकही जमते. ही वाचनालयाची चाल तिच्याही आधीची. पुस्तक कुणाकडे आहे हे सांगणं म्हणजे सेवा. त्यात लपवायचं ते काय?

मग समितीनं फर्मान काढलं, सगळी पुस्तकं इंटरनेटवर दिसली पाहिजेत. शिकायचं, नाहीतर कॉम्प्युटर क्लासमधली नवी मुलगी घेऊ. हे विलासचेच शब्द, भर बैठकीतले. उज्ज्वला जिल्ह्याच्या गावी शनिवारी शनिवारी शिकायला जाऊ लागली. घरी आली की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसायची, एका बोटानं एकेक अक्षर शोधत. काहीतरी चुकलं की ते यंत्र टुंग करायचं आणि ही दचकून हात मागं घ्यायची.

"ते काय तुझी सासू आहे का एवढं घाबरायला?" मी म्हणायची.

"सासू बरी मामी. सासू निदान काय चुकलं ते सांगते." आमच्याकडे सुना सासूला मामी म्हणतात.

"पोळी करपली. हे चुकलं."

हसायची. पण एकदा हसता हसता डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "मामी, नाही जमलं तर काढतील हो मला. या वयात मी कुठं जाऊ?" मी म्हटलं, रडून बटणं भिजव, म्हणजे आणखी लवकर शिकशील. माझी सांत्वनाची तऱ्हा ही अशी. पण त्या दिवसापासून संध्याकाळच्या भाकरी मी थापू लागले, हेही सांगून ठेवते.

शिकली. प्रत्येक पुस्तकाचं नाव चढवलं. पुढं एक चौकोन होता, पुस्तक सध्या कुठं आहे ते लिहायला. शहाणी माणसं तिथं 'बाहेर गेले आहे' एवढं लिहीत असतील. हिनं तिथं आयुष्यभर काउंटरवर जे सांगितलं तेच लिहिलं. कुणाकडे आहे, कधी येईल, घाई असली तर कुणाचं दार वाजवायचं. उद्घाटनाला याच विलासनं हार गळ्यात घालून भाषण केलं होतं, "आता कोणतं पुस्तक कुणाकडे आहे हे घरबसल्या कळेल." टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होते. मीही वाजवल्या.

तेवढ्यात उज्ज्वला आली. फरशीवरची माती बघून तिनं ओळखलं असावं, चेहरा आधीच उतरला होता. लॅपटॉपची पिशवी खांद्यावरून न उतरवताच उभी राहिली.

"मामा, तुम्ही?"

"मामाबिमा घरात. आज मी अध्यक्ष म्हणून आलोय," विलास म्हणाला. माझ्या घरात, माझ्या फरशीवर, चपला घालून.

त्यानं पुन्हा मोबाइल वाचून दाखवला. उज्ज्वलाचा हात पिशवीच्या पट्ट्यावर घट्ट झाला. तिला तेव्हा कुठं उमगलं, मला वाटतं. काउंटरवर सांगितलेलं एका माणसाच्या कानात जातं आणि तिथंच राहतं. हे राहिलं नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "असं नाव लिहायला नको होतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं. आत्ता काढते."

"नुसतं काढून भागायचं नाही. सगळ्यांनी बघितलंय. तू तिथंच लिहायचं, मोठ्या अक्षरात. प्रणितानं हे पुस्तक कधी नेलंच नव्हतं, कॉम्प्युटर न जमल्यामुळं माझ्याकडून भलतंच नाव पडलं. खाली तुझं नाव. आन मग राजीनामा. वयाचं कारण दे, सत्कार करू तुझा."

"पण मामा, कॉम्प्युटर जमतो मला."

"जमतो तर मग हे काय घातलंस?"

विलास पोरीकडं वळला. "काय गं, तू नेलं होतंस का पुस्तक?"

प्रणिताचं बोट पदरात पार दिसेनासं झालं. "नाही, बाबा."

"मोठ्यानं सांग वहिनीला."

"मी नाही नेलं. वहिनींचंच काहीतरी चुकलं असेल."

माझ्या खोलीत दुपारी लोळून, माझं सरबत पिऊन, ज्या बाईनं तिला कपाट उघडून पुस्तक काढून दिलं तिच्या तोंडावर. माझा हात झोपाळ्याच्या कडीवर होता. तो तिथंच होता म्हणून बरं.

मी उज्ज्वलाकडं बघितलं. आता ही बोलेल. हिला तारीखवार ठाऊक असतं, कोण आलं, काय नेलं, कोणत्या रंगाच्या पिशवीत घालून नेलं. एक शब्द टाकला असता तर पोरगी उघडी पडली असती आणि हिची नोकरी वाचली असती. उज्ज्वला प्रणिताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "नाव मी काढते. पण नेलं नव्हतं असं मी लिहिणार नाही."

"म्हणजे नेलं होतं?"

"नेलं की नाही नेलं, ते मी आता कुणालाच सांगणार नाही, मामा. एकदा सांगून बसले तेवढं पुरे."

"मग उद्यापासून यायचं नाही वाचनालयात. किल्ली दे."

मला तिचा असा संताप आला की काय सांगू. ही बाई सदा अशी. दुसऱ्याचं झाकायला स्वतःचा पदर फाडणार. मी म्हटलं, "उज्ज्वला, लिहून टाक तो म्हणतो ते. भाऊ आहे माझा. माहेरच्या नावाचा प्रश्न आहे."

होय, मी असं म्हटलं. विलास खूश झाला. माझ्या शेजारी झोपाळ्यावर टेकला, पाय लांब केले.

"बघ, अक्काला कळतं," तो म्हणाला. मग प्रणिताला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "मी हिला तेच समजावतोय. म्हटलं, तुझ्या आत्यानं नाही केली सही? काय बिघडलं तिचं? तिला तर कागदात काय लिहिलंय त्याचा पत्ता नव्हता. मी म्हटलं, अक्का, हितं नाव लिही. तिनं लिहिलं. जेवली, साडी घेतली, गेली. डोक्याला ताप नाही. ही पुस्तकं वाचून बायका दुःखी होतात नुसत्या."

मी पाय टेकून झोपाळा थांबवला.

त्या दिवसाचं सगळं मला दिसतं. कचेरीतल्या कारकुनानं माझं लुगडं बघून शाईची डबी पुढं सरकवली होती, अंगठ्यासाठी. मी म्हटलं, पेन द्या. दोन इयत्ता शिकले होते, नाव लिहिता येत होतं. वरच्या साहेबानं विचारलं, "बाई, कशावर सही करताय माहीत आहे ना? कुणी जबरदस्ती नाही ना?" मी ताठ उभी राहून म्हटलं, "माहीत आहे. नदीकाठच्या मळ्यातला माझा वाटा मी माझ्या भावाला देते." देते म्हटलं. सगळी कचेरी माझ्याकडं बघायला लागली. बाप गेला होता, विलासची नुकती मिसरूड फुटलेली, त्याचं घर उभं राहायचं होतं. विलास माझ्या उजव्या हाताला उभा होता. एवढा जवळ, की त्याच्या सदऱ्याचा नवा वास येत होता.

आणि त्यानं ते ऐकलंच नव्हतं. मी दिलं, म्हणून मी आयुष्यभर मान वर करून माहेरी गेले. त्याच्या लेखी मी दिलं नव्हतंच. एका अडाणी बाईकडून सही करून घेतली होती. दर दिवाळीला साडी देताना हा मनात काय म्हणत असेल? पोपट आहे, पेरू दिला की झालं.

"विलास," मी म्हटलं, "चपला काढ."

"काय?"

"माझ्या घरात बसलायस. चपला बाहेर काढून ये."

तो हसला. मी हसले नाही. मग उठला आणि काढून आला. अनवाणी आला तेव्हा जरा लहान दिसला.

तोवर मी मागच्या खोलीत जाऊन आले होते. कॉटवरच्या गादीखाली हात घातला, पुस्तक तिथंच होतं. येऊन त्याच्या पुढ्यात, झोपाळ्यावर ठेवलं. हिरवं, वर तराजू. प्रणिताचा श्वास मला ऐकू आला.

"हे काय?" विलास म्हणाला.

"चष्मा आणू का तुला? पुस्तक आहे. माझ्याकडं आहे. माझ्याच घरात, माझ्याच गादीखाली."

"तुझ्याकडं कसं?"

"वाचायला आणवलं. मी या वयात जिने चढत नाही, म्हणून पोरीला पाठवलं. तिच्या हातून आलं म्हणून हिनं तिचं नाव घातलं. झाली चूक. आता दुरुस्त करू."

"अक्का, तुला कुठं वाचता येतंय?"

"सही करण्यापुरतं येतं, तुला माहीतच आहे. बाकीचं सून वाचून दाखवते."

"आन तुला कशाला पाहिजे हे? तुझी तर कधीच सही झाली."

"तेच बघायचंय. काय लिहिलं होतं त्या कागदात, मला पत्ता नव्हता म्हणतोस. मग वाचून घ्यायला नको? न कळता केलेली सही टिकते का, तेही असेल यात कुठंतरी."

विलासनं मला रागावलेलं पुष्कळदा बघितलंय. आवाज न चढवता बोलताना तो पहिल्यांदाच बघत होता.

"तू कोर्टात जाणार? सख्ख्या भावावर?"

"अजून वाचून कुठं झालंय," मी म्हटलं. "उज्ज्वला, उघड तुझं ते यंत्र."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "मामी, नाव घालायचं नाही म्हणून मी आत्ताच—"

"दुसऱ्याचं घालायचं नाही. माझं मी सांगते. बस इथं आणि लिही."

तिनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. तिची बोटं आता अक्षरं शोधत नव्हती, हे मी पाहिलं. मी तिच्या मागं उभी राहिले आणि सावकाश सांगितलं. "हे पुस्तक सध्या कौसल्याबाईंकडे आहे. कोण कौसल्याबाई ते लिही. दौलतराव जगदाळे यांची थोरली मुलगी. अण्णासाहेबांची बहीण असं नको. दौलतरावांची मुलगी."

टकटक टकटक. विलास उठून उभा राहिला. "अक्का, असं करू नको. सगळी भावकी बघतीय ते पान."

"बघू दे. तूच म्हणालास ना भाषणात, घरबसल्या कळेल म्हणून."

"बरं, ही राहू दे कामावर. झालं? राजीनामा नको. ते नाव तेवढं..."

"ती कामावर आहेच. तिला तू ठेवतोस असं समजू नको. आणि वहिनींचं काहीतरी चुकलं म्हणालीस ना, प्रणिता? ये इकडं. वहिनीला पाणी आणून दे. तिचे हात रिकामे नाहीत."

प्रणितानं पाणी आणलं. ते देताना रडत होती. उज्ज्वलानं एका हातानं पेला घेतला, दुसऱ्यानं तिच्या मनगटावर थोपटलं आणि पुन्हा लिहायला लागली. मी असते तर थोपटलं नसतं.

शेवटी तिनं मान वळवली. "मामी, परत कधी येईल ते लिहावं लागतं. काय लिहू?"

मी भावाकडं बघितलं. तो दारात पोचला होता, एक चप्पल पायात, दुसरी शोधत.

"इतक्यात येणार नाही असं लिही," मी म्हटलं. "घाई असल्यास घरी येऊन विचारावे."

शुक्रवारी प्रणिताच्या पायाला काय झालं कोण जाणे, तिला तहसीलपर्यंत चालवेना. पुढच्या शुक्रवारीही चालवलं नाही. अजून नाही चालवत. मळा तिथंच आहे, तिच्या नावासकट. मी कोर्टात गेले नाही. दिलेलं परत मागायची माझी जात नाही. पण ते विलासला मी कधी सांगितलं नाही, आणि त्यानं विचारायचं धाडस केलं नाही. त्या दिवाळीपासून माहेरची साडी यायची थांबली. माझ्या कपाटात जागा झाली.

उज्ज्वला निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीवर बसली. त्या रात्रीच्या जेवणाआधीच तिनं सगळ्या पुस्तकांपुढची नावं पुसायला घेतली होती. जोशीबाईंचं नाव गेलं, बाकीच्यांची गेली, सगळीकडं नुसतं 'बाहेर आहे'. माझ्यापाशी आली तेव्हा तिनं विचारलं, "मामी, तुमचंही काढू ना? नियम सगळ्यांना सारखा."

मी म्हटलं, "हात तर लावून बघ."

पुस्तकाची किंमत मी भरून टाकली आणि वाचनालयानं दुसरी प्रत आणली. ती येते-जाते, प्रणितासारख्या कितीतरी पोरी नेतात म्हणे, कुणाचं नाव कुठं दिसत नाही. पहिली प्रत माझ्या गादीखाली आहे. विलासची सून मला मुद्दाम फोनवर दाखवते कधीमधी. तिच्या सासऱ्याला ते पान उघडून बघायची सवय लागली आहे, ती सांगते. मी चष्मा लावते आणि माझं नाव माझं मी वाचते.